आधी मुलांना विचारा, मग मैदान करा

मे महिना जवळ आला की मुंबईतल्या आपल्या वस्त्यांमध्ये गावच्या गोष्टी सुरू होतात. कोकण रेल्वेचे तिकीट मिळाले का, एस.टी.चे बुकिंग झाले का, घर शाकारायला कोण आधी जाणार, लग्ने किती, पूजापाठ कोण घेणार. अशाच एखाद्या रविवारी चाळीतल्या खोलीत मुंबई मंडळाची बैठक बसते. हिशेब वाचला जातो, वर्गणीची बाकी निघते आणि शेवटी विषय येतो : यंदा वाडीत काय काम काढायचे?

कोणी म्हणतो विहाराला फरशी, कोणी म्हणतो कमान, कोणी म्हणतो पाखाडीला नव्या पायऱ्या. गेल्या काही वर्षांत आणखी एका कामाची भर पडली आहे : मुलांसाठी खेळाचे मैदान. काम चांगले आहे. पण ते कसे करू नये हे आमच्या वाडीने स्वतःच्या अनुभवातून शिकून घेतले. कसे करावे हेही थोडेफार शिकलो. तोच अनुभव वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो आहे. वाडीचे नाव लिहीत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोणत्याही वाडीत थोड्याफार फरकाने हेच आढळेल.

पहिली चूक आमचीच

आमच्या विहाराच्या खालच्या अंगाला साडेतीन गुंठ्यांचा एक मोकळा तुकडा आहे. लहानपणी आम्ही तिथेच विटी-दांडू, लगोरी, आट्यापाट्या खेळलो. कडेला एक जुना फणस, एका बाजूला गडगा, पलीकडे पऱ्या. २०१७ साली मुंबई मंडळाने ठरवले की हे मैदान ‘अद्ययावत’ करायचे. बैठक मुंबईत झाली. ठराव मुंबईत झाला. लोखंडी घसरगुंडी, सी-सॉ आणि दोन झोके मुंबईतूनच विकत घेतले आणि टेम्पोत घालून गावी नेले. मी स्वतः त्या समितीत होतो. वाडीतल्या एकाही मुलाला, एकाही बाईला आम्ही काही विचारले नाही. विचारायचे असते, हेच आमच्या ध्यानात आले नाही.

मैदानाचा अर्धा भाग आम्ही काँक्रीटने झाकला, म्हणजे चिखल होणार नाही. फाटक केले, त्याला कुलूप लावले, म्हणजे गुरे शिरणार नाहीत. किल्ली अध्यक्षांच्या घरी. फीत कापली, देणगीदारांच्या नावांची पाटी लावली, फोटो काढले आणि आम्ही मुंबईला परत आलो.

पाऊस आपले काम करतो. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वी वरून आलेले पाणी तुकड्यावरून पसरून पऱ्याला जात असे. आता ते काँक्रीटच्या कडेला तुंबले आणि मातीचा राहिलेला भाग खणून घेऊन गेले. दुसऱ्या पावसाळ्यात घसरगुंडीच्या पायऱ्या गंजल्या. उन्हाळ्यात तिचा पत्रा इतका तापायचा की अकरानंतर मुले हात लावीत नसत.

२०१८ च्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीची सात वर्षांची नात झोक्यावरून काँक्रीटवर पडली. मनगटाचे हाड मोडले. तालुक्याला नेऊन प्लास्टर घातले. मी भेटायला गेलो तेव्हा हात गळ्यात बांधून ओटीवर बसली होती. मला म्हणाली, “आजोबा, आधी तिथं माती होती ना? मग ती काढली कशाला?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. बहीण आतून म्हणाली, “दादा, तुम्ही वर्गणी काढलीत, घाम गाळलात, सगळं खरं. पण एकदा फोन करून विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं.”

चार वेळा जाऊन बसा

करोनाची दोन वर्षे गेली. २०२२ च्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा ठरवले की आता कामाला हात लावण्याआधी नुसते बघायचे. अंगणवाडीच्या ताई, माझी बहीण, वाडीतला एक पदवीधर तरुण आणि मी, असे चौघे आठ दिवस मैदानावर वेगवेगळ्या वेळी जाऊन बसलो.

सकाळी सातला म्हातारी माणसे गडग्यावर बसून ऊन खातात. त्यांना पाठ टेकायला जागा नाही. दुपारी मुले मैदानात नसतातच. ती गडग्याबाहेर फणसाच्या सावलीत गोट्या आणि सागरगोटे खेळतात, कारण आम्ही खेळणी मांडली ती बरोबर उन्हात. संध्याकाळी पाचला मोठे मुलगे क्रिकेट खेळतात आणि सगळे मैदान त्यांचे होते. मुली विहाराच्या पायरीवर उभ्या असतात, बऱ्याच जणींच्या कडेवर धाकटे भावंड. रात्री काही मंडळी काळोखात तिथे बसतात आणि सकाळी बाटल्यांच्या काचा सापडतात.

हे सगळे वाडीतल्या प्रत्येकाला माहीत होते. मुंबईच्या बैठकीत ते कधी आले नव्हते, इतकेच.

चिंचोके आणि खडे

मग बैठक घेतली, पण तिची रीत वेगळी ठेवली. नेहमीच्या बैठकीत पाच पुरुष बोलतात, बाकीचे माना हलवतात. लहान मूल तर बोलतच नाही. म्हणून ताईंनी मुलांच्या हाती राख आणि रांगोळी दिली आणि सांगितले, “तुम्हाला हवं तसं मैदान इथं जमिनीवर काढा.” मुलांनी फणस आत घेतला. आम्ही तो गडग्याबाहेर ठेवला होता, त्यांनी गडगा पलीकडे सरकवला. एका मुलाने फाटक काढले आणि कुलूप काढायचे विसरला नाही : त्यावर मोठी फुली मारली.

नंतर दहा-बारा कागदांवर चित्रे काढून ओळीने मांडली : झोका, घसरगुंडी, कबड्डीचे मैदान, क्रिकेटची पट्टी, दिवा, नळ, बसायचा कट्टा, लहानग्यांसाठी वाळू, झाड, स्टेज. प्रत्येकाच्या हाती पाच दाणे दिले. मुलींना आणि बायकांना चिंचोके, मुलग्यांना आणि पुरुषांना खडे. आवडेल त्या चित्रावर ठेवायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही यात भाग घेता आला.

चिंचोके आणि खडे वेगळे ठेवले याचा फायदा मोजताना कळला. खड्यांचे ढीग क्रिकेटवर आणि स्टेजवर. चिंचोक्यांचे ढीग दिव्यावर, कट्ट्यावर, वाळूवर आणि झोक्यावर. कबड्डीवर मात्र दोन्ही होते. सगळे एकत्र मोजले असते तर जास्त संख्येचे क्रिकेट जिंकले असते आणि बायकांना काय हवे ते कळलेच नसते.

ही विचारण्याची रीत काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही. दुसऱ्या महायुद्धाने होरपळलेल्या हॉलंड देशात, ॲमस्टरडॅम शहरात, १९४७ साली आल्डो व्हॅन आयक या तरुण वास्तुशिल्पकाराने एका चौकात पहिले छोटे मैदान केले : वाळूचा हौद, साध्या लोखंडी नळ्या, बसायला बाक. ते बघून आजूबाजूच्या वस्त्यांतले लोक आमच्याकडेही करा म्हणून नगरपालिकेला पत्रे लिहू लागले. पुढच्या तीसएक वर्षांत त्या शहरात अशी सातशेहून अधिक मैदाने झाली. जागा लहान होत्या, सामान साधे होते, मागणी मात्र राहणाऱ्यांची होती.

मुलींनी मागितली वेळ

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट चित्रांत नव्हतीच. बैठक संपत आली तेव्हा नववीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “मैदान मोठं केलं नाही तरी चालेल. आम्हाला रोज एक तास द्या. त्या तासात दादा लोकांनी खेळू नये.”

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मुलगे बोलू लागले. त्यांचेही खरे होते. एक जण म्हणाला, “आम्ही दिवसभर कामाला. साडेपाचला गाडीवरून उतरतो. तेवढीच वेळ मिळते, ती पण काढून घेणार?” वाद वाढला. एका काकांनी मुलींनाच ऐकवले की मुलींना काय करायचे आहे संध्याकाळी मैदानात. त्यावर माझी बहीण उभी राहिली. “बाबासाहेबांच्या जयंतीला भाषणात तुम्हीच सांगता ना, समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी? मग ती जयंतीपुरतीच मोजायची का?” काका खाली बसले.

शेवटी ठरले ते असे. साडेचार ते सहा मुली आणि लहान मुले. सहानंतर मोठे मुलगे, त्यासाठी दिवा हवा. रविवारी सकाळ मुलग्यांची. ते एका फळ्यावर लिहून लावले. पहिल्या महिन्यात फळ्याकडे कोणी बघितले नाही. मग महिला मंडळाच्या बायका रोज पाच वाजता नव्या कट्ट्यावर येऊन बसू लागल्या. काही बोलल्या नाहीत, नुसत्या बसल्या. त्यानंतर वेळ पाळली जाऊ लागली. अजूनही सुट्टीच्या दिवसांत कुरबुर होते, हे खरे आहे. पण मुली आता पायरीवर उभ्या नसतात.

कडेवरच्या भावंडाचे काय, हा प्रश्नही मुलींनीच काढला. म्हणून वाळूचा हौद कबड्डीच्या रेषेच्या अगदी शेजारी, फणसाच्या सावलीत केला. धाकटे वाळूत बसते, थोरली खेळता खेळता लक्ष ठेवते.

एका गुंठ्यात काय मावते?

जागा लहान आहे, आमच्याकडे काय होणार, असे पुष्कळ वाड्यांतून ऐकू येते. थोडे मोजून बघा. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. महिलांच्या कबड्डीचे मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, म्हणजे ९६ चौरस मीटर. सगळे मैदान एका गुंठ्यात मावते. सभोवती तीन-तीन मीटर मोकळी जागा धरली तरी अडीच गुंठे पुरतात. पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर, व्हॉलीबॉलचे १८ बाय ९. खो-खोला मात्र २७ बाय १६ मीटर लागतात, म्हणजे सव्वाचार गुंठे. ते आमच्याकडे मावत नव्हते, म्हणून सोडून दिले. उरलेल्या एका गुंठ्यात झोका, वाळू आणि कट्टा बसला. आधी दोरी घेऊन चुन्याने रेषा मारून बघा. कागदावरचा नकाशा आणि प्रत्यक्ष जागा यात फार अंतर असते.

म्हाताऱ्या बायकांचे शास्त्र

काँक्रीट फोडून काढले. आता माती कशी बसवायची? एका ठेकेदाराने सिमेंटचे ठोकळे बसवून द्यायचे सांगितले. तेवढ्यात वाडीतल्या ऐंशीच्या घरातल्या एका आजी म्हणाल्या, “मैदान म्हंजे मोठं खळं. तुमच्यात कोणाला खळं करता येतं का?”

आम्ही सगळे मुंबईत वाढलेले. भात झोडायला खळे कसे करतात हे त्या बायकांनाच ठाऊक. त्यांनी सांगितले तसे दिवाळीनंतर, जमिनीत ओल असताना काम धरले. दगड वेचले, ढेकळे फोडली, तांबडी माती चाळून पसरली, पाणी शिंपडले, धुम्मस आणि चोपणे मारून बसवली, सुकू दिली आणि पुन्हा मारली. मधला भाग किंचित उंच, दोन्ही बाजूंना उतार : शंभर फुटाला एक फूट पुरे. उतार कमी तर पाणी साचते, जास्त तर माती वाहते. वरच्या अंगाला चर खणून डोंगराचे पाणी बाजूने पऱ्याला काढून दिले. कडेचे गवत तासले नाही, कारण तेच माती धरून ठेवते.

बाकीच्या गोष्टी अनुभवातून आणि जाणत्यांना विचारून ठरवल्या. ज्यांना करायच्या असतील त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो.

झोक्याखाली काँक्रीट, फरशी, सिमेंटचे ठोकळे कधीच नकोत. एक फूट खोल वाळू हवी, आणि ती दर दोन-तीन महिन्यांनी खोऱ्याने हलवून सैल करावी. झोक्याच्या पुढे-मागे पुरेशी मोकळी जागा सोडावी.

झोक्याला जुना टायर चालतो, पण त्याच्या तळाला भोके पाडावीत. नाही तर पावसाचे पाणी साचून डेंग्यूचे डास होतात. खांबाला साध्या लोखंडाऐवजी जस्त चढवलेला जी.आय. पाईप घ्यावा. दोर आणि कड्या दर पावसाळ्यानंतर तपासाव्यात.

घसरगुंडी ठेवायचीच असेल तर सावलीत, तोंड उत्तरेला. आम्ही आमची जुनी काढून टाकली.

सावलीला फणस, करंज, बकुळ चांगले. मैदानाच्या काठी नारळ लावू नये, खाली मुले असतात. पिंपळ लावायचा तर भिंतीपासून आणि विहारापासून लांब लावावा, त्याची मुळे बांधकाम फोडतात.

वाडीत एक मुलगा आहे, त्याला चालता येत नाही, चाकाच्या खुर्चीवर असतो. आम्ही केलेल्या फाटकाला तीन पायऱ्या होत्या. पाच वर्षांत तो कधी आत आलाच नव्हता आणि आमच्या लक्षातही आले नव्हते. आता तिथे उतार केला आहे : एक फूट चढायला बारा फूट लांबी. तो आता कबड्डीचे गुण मोजतो आणि भल्याभल्यांशी वाद घालतो.

जयंतीचा आणि लग्नाचा मांडव याच जागेवर पडतो. दर वेळी खुंट्या ठोकून जमिनीला खड्डे पडत. म्हणून कडेने पाईपचे तुकडे जमिनीत कायमचे पुरून ठेवले. मांडवाचे खांब त्यात बसतात, एरवी वर झाकण असते. स्टेजही झाले, पण मध्ये नाही. एका कडेचा कट्टाच थोडा रुंद केला. जयंतीला ते स्टेज, रोज संध्याकाळी बायकांची बसायची जागा.

फाटक गुरांसाठी आहे, कुलूप नाही.

कागद पक्का करा

आता सर्वांत कठीण भाग. जागा कोणाची?

आमच्या तुकड्याच्या सातबारावर सात हिस्सेदारांची नावे. त्यातले काही वारलेले, वारस नोंद झालेली नाही, काही मुंबई-पुण्याला. ‘वाडीची जागा’ असे आपण तोंडाने म्हणतो, पण कागदावर ती खाजगी असते. उद्या एखादा वारस येऊन तिथे घर बांधू लागला तर अडवता येत नाही. आणि खाजगी जागेवर शासनाचा पैसा खर्च होत नाही.

जागा नोंदणीकृत बक्षीसपत्र करून ग्रामपंचायतीला द्यावी, असे आम्ही सुचवले तेव्हा एका वृद्ध काकांनी विरोध केला. ते म्हणाले, “खोताच्या तावडीतून सुटलेली जमीन. आता परत दुसऱ्याच्या हातात घालायची?” त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. कोकणात खोतीने आपल्या बापजाद्यांचे किती हाल केले ते सांगायला नको. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती संपवणारा कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९४९ साली झाला. ज्यांच्या घरात ही आठवण आहे त्यांना जमीन सोडताना भीती वाटणारच.

दोन महिने त्यांच्या घरी जाऊन बोललो. शेवटी ते तयार झाले ते एका अटीवर : ही जागा खेळाच्या मैदानासाठीच वापरली जाईल, असे बक्षीसपत्रात लिहायचे. तसे लिहिले. वारस नोंदी, सगळ्यांच्या सह्या, फेरफार हे सर्व होईतो दीड वर्ष गेले. मैदानाचे काम मात्र दोन महिन्यांत झाले. ज्यांना हे करायचे आहे त्यांनी कागदापासून सुरुवात करावी. बक्षीसपत्रानंतर ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत मैदानाची नोंद झाली का, तेही डोळ्यांनी बघावे.

ग्रामसभेला बोलायला शिका. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. आमच्या बायकांनी विषय आधी महिला सभेत मंजूर करून घेतला, तो लेखी दिला, मग ग्रामसभेत मांडला. ठराव झाला की ग्रामसेवकाकडून (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) प्रत मागून घ्यावी. तोंडी “करू, करू” यावर विसंबू नये.

पैशाचे तसेच. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांवर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. लहान पंचायतीत ही रक्कम थोडी असते, पण उतार, कट्टा, वाळू यांना पुरते. समाजकल्याण विभागाच्या वस्ती विकास योजनेतून दिवे, गटार आणि रस्ता मागता येतो. आमच्या मैदानाचा दिवा आणि चर त्यातून मागितला. बाकीचे श्रमदान आणि वर्गणी. कोणत्या कामाला कोणता पैसा लागतो हे आधी विचारले की ठेकेदार सांगेल ते घेण्याची वेळ येत नाही.

मैदान सगळ्यांचे

काम होत आले तेव्हा पाटीचा प्रश्न निघाला. काहींचे मत होते की आपल्या वाडीचे नाव टाकावे आणि आपल्याच मुलांना खेळू द्यावे. शेजारच्या वाड्यांची मुले येऊन खेळणी मोडतात, आपला पैसा, आपली जागा. खरे सांगायचे तर माझ्याही मनात ते होते.

पण त्या रात्री मला पळवणकर बाळू आठवले. चर्मकार समाजात जन्मलेला हा गोलंदाज पुण्याला गोऱ्या साहेबांच्या क्लबात आधी मैदान झाडायला, रोलर फिरवायला होता. तिथेच साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो इतका तयार झाला की हिंदू क्लबाला त्याला संघात घ्यावे लागले. मैदानात त्याचा चेंडू सगळ्यांना चाले. चहाच्या वेळी मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. त्याचा भाऊ विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचा कर्णधार झाला, तोही मोठ्या झगड्यानंतर.

सार्वजनिक जागा खुली आहे असा कागद होणे एक, आणि तिथे पाऊल टाकता येणे वेगळे. मुंबई कौन्सिलने १९२३ साली बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. महाड नगरपालिकेने १९२४ साली तसाच ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी प्यायला १९२७ साली बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन जावे लागले आणि त्याबद्दल आपल्या माणसांनी मार खाल्ला. पुढे हाच हक्क राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात आला : विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि शासनाच्या पैशावर चालणाऱ्या सार्वजनिक जागा जातीच्या कारणाने कोणालाही बंद करता येणार नाहीत.

ज्यांना अडवले गेले त्यांनी उद्या दुसऱ्याच्या लेकराला फाटकावर अडवावे का? बैठकीत हे बोललो. सगळ्यांना पटले असे नाही, पण ठराव झाला. राज्य शासनाने २०२० साली वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तोही आधाराला होता. पाटीवर आता एवढेच आहे : ‘ग्रामपंचायतीचे खेळाचे मैदान. सर्व मुलांसाठी खुले.’ खाली वेळांचा तक्ता. देणगीदारांची नावे विहाराच्या वहीत लिहिली आहेत, तिथे ती गंजत नाहीत.

आता शेजारच्या दोन वाड्यांच्या मुली साडेचारला आमच्या मैदानात येतात. पहिल्या दिवशी त्या फाटकाबाहेर उभ्या होत्या, आत यावे का म्हणून. आमच्या मुलींनीच त्यांना हाक मारली. खेळ झाल्यावर सगळ्या एकाच नळावर पाणी प्यायल्या. ते बघून कट्ट्यावरच्या आजी काही बोलल्या नाहीत. पण घरी जाताना त्यांनी पदराने डोळे पुसलेले मी पाहिले.

जाता जाता

मुलांनी खेळावे हा लाड नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातल्या एकतिसाव्या कलमात तो मुलांचा हक्क म्हणून लिहिला आहे आणि भारताने १९९२ साली त्या करारावर मान्यतेची मोहर उठवली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान असावे असे सांगितले आहे. कष्टकऱ्यांच्या घरात मूल लवकर मोठे होते. त्याच्या वाट्याला आलेली दोन तासांची संध्याकाळ तरी त्याला नीट मिळावी.

तेव्हा या मे महिन्यात गावी जाल तेव्हा वर्गणीची पावतीपुस्तके जरा बाजूला ठेवा. आपल्या वाडीच्या मैदानावर सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री जाऊन बसा. तिथे कोण आहे ते बघा, आणि कोण नाही तेही बघा. जे नाहीत त्यांना घरी जाऊन विचारा. सातबारा काढून वाचा. मग मुंबईची बैठक घ्या.

माझ्या बहिणीची नात आता हायस्कूलला आहे. डाव्या मनगटाला किंचित बाक राहिला आहे. त्याच हाताने ती चढाईला गेल्यावर गडी बाद करते आणि माझ्याकडे बघून हसते. मागच्या खेपेला तिने मला नवे काम सांगितले : “आजोबा, मुलींना कपडे बदलायला जागा नाही. पण मुंबईत ठरवू नका हां. इथं येऊन विचारा.”

विचारायला जाणार आहे.

जयभीम.